लग्नपत्रिकेचं अक्षर

अक्षरानं काय फरक पडते म्हणता? ऐका मंग. कापसाच्या त्या वाईट सालांत मारेगावात माही छपाईची प्रेस होती. आमच्या सुमनकाकूच्या घरात कापूस छताले टेकला होता, खाजेनं कोणाले झोप नाही, अन् चार अर्ज देऊनही सरकारी खरेदी केंद्राचं कुलूप काही निघेना. एक दिवस काकू प्रेसमध्ये आली.

"पत्रिका छाप. शनिवारी केंद्रावर काटापूजन, तिथल्या साहेबाच्या शुभहस्ते. पूजा झाली का खरेदी सुरू."

"साहेब हो म्हणाला?"

"त्याले पत्रिका वाचूनच समजन. अन् अक्षर ते लग्नपत्रिकेचं लाव, वळणदार, सोनेरी."

"साधं लावू का काकू? स्वस्त पडन."

"साध्याचे दिवस गेले."

पत्रिका गावोगाव वाटल्या. शनिवारी केंद्रासमोर कापसाच्या गाड्यांची ही रांग लागली! साहेब पत्रिका नाचवत, तणतणत आला. "कोणाला विचारून माझं नाव छापलं?"

काकूनं त्याच्या हातात पूजेचा नारळ ठेवला.

"आमच्या चारही अर्जांवर तुमचंच नाव होतं, साहेब. फक्त अक्षर साधं होतं."