भूमिकाच्या बापाचा टाक

मी, चंद्रकला नामा घुटे, वय ३३ वर्षे, धंदा भातशेती व मजुरी, राहणार वरचा पाडा, डोळखांबजवळ, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे. पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी मुलगी भूमिका, वय ९, हिच्यासह राहते. ती गावातल्या संस्थेच्या शाळेत चौथीत शिकते. माझे पती नामा चार वर्षांपूर्वी बांधकामावर परांचीवरून पडून मयत झाले.

आमच्यात माणूस अवेळी गेला की वर्षाने त्याचा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेला माणूस. नामाचा टाक मुरबाडच्या सोनाराकडून करून आणला होता. तो बाकीच्या टाकांबरोबर तांदळावर असायचा. सणाला आधी त्याला नैवेद्य दाखवायचो, मग आम्ही जेवायचो. भूमिका शाळेत जाताना त्याला सांगून जायची.

शाळेत शनिवारी संस्कार वर्ग भरतो. तो घ्यायला शहरातून साईनाथ गुरुजी येतात. श्लोक, आरत्या, मोठ्यांच्या पाया पडणे असे शिकवतात. माझी हरकत नव्हती. मुलीचे श्लोक मी शेजारणींना बोलावून ऐकवत असे.

गेल्या शनिवारी गुरुजींनी मुलांना घरातला देव घेऊन यायला सांगितले होते. मी भात झोडायला गेले होते. भूमिकाने नामाचा टाक उचलून रुमालात बांधून नेला. देव उंबऱ्याबाहेर न्यायचा तर भगताला विचारावे लागते, हे तिला कुठून कळणार. इतक्यांतून तोच का, असे मी नंतर विचारले. ती म्हणाली, "आये, बाकीच्यांना मी कदी बघितलाच नाय. बाबाला वळखते."

पुढची हकीकत भूमिकाने व तिच्या वर्गातल्या अक्षदाने मला सांगितली. गुरुजींनी हा कोणता देव असे विचारले. भूमिकाने माझा बाबा असे सांगितले. नैवेद्य काय, तर कोंबडा आणि थोडी दारू. मुले हसली. गुरुजी म्हणाले, "बाळ, मेलेला माणूस देव नसतो. देव्हाऱ्यात ठेवला तर घराला दोष लागतो." त्यांनी टाकाला हात लावला नाही. सगळ्या वर्गाला शाळेमागच्या बंधाऱ्यावर नेले आणि भूमिकाला तिच्याच हाताने तो पाण्यात सोडायला लावला. मुलांनी श्लोक म्हटला. नंतर टाळ्या झाल्या व तिला देवाचा फ्रेमचा फोटो दिला. तो फोटो मी खिळ्याला लावला आहे, त्या देवाशी माझे भांडण नाही.

माझे दीर धाऊ यांनी बंधाऱ्यात बुड्या मारून पाहिले. गाळ फार आहे. टाक मिळाला नाही.

मी शाळेत जाऊन गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "ताई, तुमच्या भल्याचंच केलं." मी म्हटले, "गुरुजी, तुमच्या घरात तुमच्या बापाचा फोटो हाय ना? त्याला हार घालता ना?" ते म्हणाले, ते वेगळे. मला फार राग आला, पण मी हात उचललेला नाही.

इथे साहेब म्हणाले की वस्तू गहाळ अशी नोंद करू. मला ते मान्य नाही. गहाळ झालेला नाही, बुडवला आहे.

भूमिका त्या दिवसापासून नीट जेवत नाही. सारखी विचारते, "आये, मीच टाकला ना त्याला?" मी नाही म्हणते. पण शाळेत सांगतात ते तिला खरे वाटते, माझे वाटत नाही. म्हणून गुरुजींनी पाड्यावर यावे आणि चूक तुझी नाही, माझी आहे, असे तिच्या तोंडावर सांगावे. माझे तेवढेच मागणे आहे. ते म्हणतात, चूक झालेलीच नाही.

माझे सांगणे लिहून मला मराठीत वाचून दाखवले, ते मी बोलले तसेच आहे. वाचन चालू असताना गुरुजी बोलावल्यावरून आले व बाहेर बाकावर बसले. माझ्याबरोबर आलेली भूमिका माझा हात सोडून गेली आणि त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हेही लिहा असे मी सांगितल्यावरून लिहिले आहे.

सही
चंद्रकला नामा घुटे