बघू या

—नाही हो, तो लिहा, तो पंखा येतोय आमच्याबरोबर. खडखड करतो, पण येतोय. आणि ते कपाट दोन भागांत सुटतं, वरचा भाग अल्लद निघतो, ती सोय आमच्या ह्यांनी केलेली — कुलूपवाले ना ते, एखादी वस्तू उघडत नाही म्हटलं की त्यांना चैन पडत नाही. बसता का? नको? बरं, उभ्यानंच. तुमचं काम मात्र छान आहे हं, पॅकिंगवाल्यांचं — कुणाच्याही घरात शिरायचं आणि त्याचा अख्खा संसार वहीत उतरवून घ्यायचा. मला जमलं असतं. म्हणजे मला माझंही आवडतं, मी बसगाड्यांचं वेळापत्रक करते. हसू नका, कुणीतरी करतंच ना? लोकांना वाटतं, बस आपोआप येते. आपोआप ती उशिरा येते, वेळेवर यायला मी लागते.

तर आम्ही चाललोय त्या शहराचं असं झालं — मी तिथे कधी गेलेले नाही, तुम्हाला म्हणून सांगते — पाऊलसुद्धा टाकलेलं नाही, पण मला परक्या शहरांची वेळापत्रकं वाचायचा नाद आहे. लोक कादंबऱ्या वाचतात, मी ती वाचते. आणि वाचता वाचता काय दिसावं, तर पार टोकाच्या उपनगरात, वाचनालयाच्या थांब्यावर, चौदा नंबर पोचते आठ बावीसला, आणि तिथून स्टेशनला जाणारी सहा नंबर सुटते आठ एकवीसला. एक मिनिट, दादा! रोज सकाळी माणसं चौदातून उतरतायत आणि सहा नंबरची पाठ बघत उभी राहतायत. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. शेवटी चांगलं खरमरीत पत्र लिहिलं त्यांना, सोबत माझा सबंध आराखडा जोडला — आणि उत्तर काय यावं? माफी नाही, आभार नाहीत, थेट नोकरी. मुख्य म्हणून. हाताखाली अकरा माणसं. माझ्या, जिला स्वतःच्या घराची किल्ली सापडत नाही तिच्या! राहायला घरसुद्धा देतायत, त्याच उपनगरात, त्याच चौदा नंबरच्या रस्त्यावर, तीन खोल्या आणि मागे हातभर अंगण. हो की नाही ते आज चारपर्यंत कळवायचंय. किती वाजले? पावणेबारा ना? मग काय, भरपूर वेळ आहे. तसं आमचं ठरल्यातच जमा आहे.

हा पलंग सासूबाईंचा. हा त्यांच्याआधी तिथे पोचला नाही तर माझी खैर नाही. मला वाटलं होतं, म्हातारं माणूस, हलायला नाही म्हणतील — अहो, पत्र वाचून संपायच्या आत त्यांनी मला माळ्यावरची बॅग काढायला लावली. म्हणाल्या, इथे माझ्याशी भांडायला कुणी उरलं नाहीये, तिकडे निदान नवी माणसं मिळतील. आत्ता त्याच बॅगेला पट्टा लावून घ्यायला गेल्यात. आणि आमची कन्या, तेराची, तिनं तोंड फुगवलं ते दीड दिवस. मग मी नकाशा काढून दाखवलं, घरापासून पोहण्याचा तलाव तीन थांब्यांवर आहे. झालं. तेव्हापासून मैत्रिणींचा निरोप घेतेय, एकेकीचा तीन-तीनदा. गावभर कळलंय बहुतेक. आज सकाळी जिन्यात बेकरीवाल्या काकू भेटल्या, त्यांनी माझे दोन्ही हातच धरले, डोळ्यांत पाणी, म्हणाल्या, सुखात राहा गं. मी म्हटलं, ह्यांना काय झालं एकाएकी?

काय म्हणालात — ह्यांचं? ह्यांचं काय असणार, हे हो म्हणालेत. म्हणजे — हे तुम्ही वहीत लिहीत नाही ना? — हे म्हणाले, ‘बघू या.’

हसा, हसा. पण तुम्हाला आमच्या घरातली भाषा ठाऊक नाही. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही. सोळा वर्षांचा अनुभव आहे माझा. समुद्रावर जाऊ या का? बघू. मांजर पाळू या का? बघू. ह्या भिंतीला पिवळा रंग देऊ या? — ही बघा भिंत, पांढरीफटक. ‘हं’ म्हणजे हो. ‘तुला वाटेल तसं’ म्हणजे दोन दिवस त्या विषयाचं नाव काढायचं नाही. पण ‘बघू या’! त्यात ‘या’ आहे. सोळा वर्षांत तो ‘या’ पहिल्यांदा आलाय. ‘बघू’ माणूस एकटा म्हणतो, ‘बघू या’ म्हणजे दोघांनी मिळून बघायचं, खरं की नाही? त्या ‘या’वर मी तुम्हाला फोन केला. नुसत्या ‘या’वर. नाही, त्यांना माहीत नाही तुम्ही आलाय ते. आठ दिवस झाले, ते ह्या विषयावर एक अक्षर बोललेले नाहीत. दुकान बंद केलं की चालायला जातात, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे, चांगले तास-दीड तास. आज तर सकाळीच गेले. मीही विचारत नाही. विचारलं आणि तो ‘या’ गळून पडला तर?

नाही, त्यांचंही मला कळतं हो. मी काय, माझी वेळापत्रकं कुठेही गेलं तरी वेळापत्रकंच. त्यांचं तसं नाही. ते मागे एकदा म्हणाले होते, ‘अनोळखी गावात कुलूपवाला आणि चोर, लोकांना सारखाच.’ बरोबर आहे ना? इथे एकवीस वर्षं लोकांनी त्यांना बघितलंय, म्हणून तिजोरीसमोर एकटं बसवून खुशाल बाहेर जातात. चला, खाली दुकानात दाखवते, तिथे एक बोर्ड आहे, त्याचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. गावातल्या लोकांनी आपापल्या घरांच्या जादा किल्ल्या त्यांच्याकडे ठेवल्यात, हरवली तर असावी म्हणून. त्रेचाळीस खिळे, त्रेचाळीस घरं. बँकेच्या साहेबांची आहे, डॉक्टरीणबाईंची आहे. तो बोर्ड सोडून हा माणूस हलेल कसा? — या, असे या, जिना अरुंद आहे — आणि एक सांगू का, मनातलं? त्यांचं ‘बघू’ होतं म्हणून तर मी वाटेल ते मागत आले. मागणारी मी, अडवणारे ते, अशी वाटणीच आहे आमची. पिवळ्या भिंतीत मला तरी कुठे राहायचं होतं? ह्या वेळीसुद्धा, खोटं कशाला बोलू, पत्र वाचताना नाचत होते खरी, पण मनात म्हटलं, असू दे, नाचून घे, ते आहेत ‘बघू’ म्हणायला. — शेवटची पायरी उंच आहे हं, जपून. दिवा लावते. तर हा बोर्ड, ह्याच्या प्रत्येक खिळ्यावर—

थांबा.

मी आठवडाभर दुकानात आलेच नाही हो. इथे किल्ल्या होत्या. खच्चून भरलेला असतो हा बोर्ड, दार उघडलं की किणकिणतो. सगळे खिळे रिकामे. नावांच्या चिठ्ठ्या बघा, काढून, नीट दोरा बांधून ठेवल्यात. चालायला जातात म्हणे! डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे! घरोघर गेलेत, दादा. त्रेचाळीस दारं. ह्या माणसाला दोन वाक्यं सलग बोलता येत नाहीत, काय सांगितलं असेल त्यांनी एकेका दारात उभं राहून? काकूंनी हात का धरले ते आत्ता कळतंय मला. आणि मी वरती बसून एका ‘या’चा अर्थ लावतेय.

सगळे नाही, एक आहे. ही इथे कोपऱ्यात, वेगळ्या खिळ्यावर. ही आमच्याच दाराची, माझ्यासाठी टांगलेली, मी सारखी बाहेर अडकते म्हणून. आणि खाली फळीवर खडूनं काय लिहिलंय? तुम्ही वाचा, मला चष्म्याशिवाय — नाही, दिसतंय मला. ‘न्यायचा.’ त्यांचंच अक्षर. बोर्ड न्यायचा. रिकामा बोर्ड तिकडे नेऊन भिंतीला लावणार आहेत, त्या परक्या लोकांत, चोर समजणाऱ्या.

लिहा ना. ‘बोर्ड, एक.’ नीट गुंडाळायचा, खिळे वाकता कामा नयेत.

आता मला अडवायला कुणीच नाही हो.

नाही, पाणी नको. काही नको. चार कशाला वाजायला हवेत, आत्ताच कळवते, फोन वरती आहे. आणि वरचं दार — ते तुम्ही येताना ओढून घेतलंत? ते आपोआप लागतं. असू दे, असू दे, किल्ली आहे. घेतली मी. तुमची वही राहिली बघा इथे. बघताय काय असे, दादा? या आता. या.