फोन वाजू द्या

पाठ धरलेला शिंपी दवाखान्याच्या बाकावर ताठ बसून होता. मान वळत नव्हती, पण कान शाबूत होते. त्याच्या मागेच नाव नोंदवायची खिडकी होती. दवाखान्यातल्या लोकांना ताण सोसायला शिकवणाऱ्या मॅडम तिथे आल्या होत्या, आणि खिडकीवरच्या ताईंचा पारा चढला होता.

"मॅडम, फोन वाजतोय."

"वाजू द्या. हाच आजचा धडा. डोळे मिटा, खोल श्वास घ्या."

"अहो, बाकं भरलीत समोर! तिघांचं काम एकटी ओढतेय मी. श्वास घ्यायला उसंत कुठाय?"

"म्हणूनच तर आम्ही मदतीला येतो."

"मग करा ना मदत! एक माणूस द्या हाताखाली."

"माणसं आम्ही पुरवत नाही, ताई. आम्ही दृष्टिकोन बदलतो."

"डोंबलाचा दृष्टिकोन! आत डॉक्टरांना पाणी प्यायला सवड नाही. बघा, परत वाजला."

"प्रत्येक फोन उचलायचाच, या सवयीनेच ताण वाढतो."

"असं? मग तुम्हीच उचला. कळू दे जरा."

"बरं, उचलते. नमस्कार, बोला... अहो, ओरडू नका, सावकाश... ताई, यांच्या नवऱ्याच्या छातीत कळ आलीय. मघापासून फोन लावतायत, कुणी उचलेना म्हणतात. काय सांगू?"

"द्या इकडे! हॅलो, मावशी, मी आहे. पत्ता सांगा, गाडी पाठवते... आणि मॅडम, बघत काय उभ्या राहिलात? श्वास नंतर घ्या. डॉक्टरांना बोलवा, पळा!"