टेबल स्वच्छ दिसावं म्हणून

हॅलो?… बोल गं ठमे, पटकन. कपडे वाळत घालतेय…

जरा मोठ्याने! कुजबुजतेस कशाला?… चादरींच्या खोलीत? प्रसूती वॉर्ड सोडून तिथे काय करतेस?

हो, हो… अगं ऐक ना, आधी रडणं थांबव. नर्स होणारेस ना तू?

बाळ झालं. मुलगी. बरं… आई ठीक आहे? मग बिघडलं कुठे?

दोन इंजेक्शनं भरलीस. आईला मेथर्जिन, रक्तस्राव आवरायला. बाळाला व्हिटॅमिन के. बरोबर आहे की… काय? कुठलं कोणाचं ते कळत नाही म्हणजे?

अगं, औषधाची रिकामी काचेची बाटली सिरिंजलाच चिकटवायची, बाळाचा ट्रे वेगळा ठेवायचा… किती वेळा कानीकपाळी ओरडले मी!… टेबल स्वच्छ दिसावं म्हणून फेकल्यास? धन्य आहे बाई तुझी! घरी कधी स्वतःची उष्टी बशी उचलली नाहीस…

नाही, अंदाज नाही करायचा! रंग बघून नाही, कशानेच नाही… अगं, मेथर्जिन बाळाला गेलं तर त्याचा श्वास थांबू शकतो. कळतंय का? दोन्ही टाकून दे, नवीन भर. विषय संपला.

इन्चार्ज सिस्टर खातील तुला? खाऊ देत!… वॉर्डातून काढतील? काढू देत!

थांब. ट्रे तुझ्याजवळ आहे ना?… बाळाच्या पाळण्याशेजारी? आणि तू तिथे माझ्याशी बोलत बसलीस? कोणी उचलून टोचलं तर? पळ! फोन राहू दे चालू, पळ आधी! 'थांबा' म्हणून ओरड!

हॅलो?… हॅलो?… अगं बोल ना काहीतरी…

कोण रडतंय? तू की बाळ?… टोचलं का?… सिस्टरनी नुसता कापूस फिरवला होता? नक्की? पुन्हा सांग… टोचलं नाही.

हुश्श… बसले बाई, ओल्या चादरीवरच बसले.

कोणाला देतेस फोन?… नमस्कार सिस्टर. हो, मोठी बहीण. मीही प्रसूती वॉर्डातच नर्स आहे… हो, चूक तिचीच. रागवा ना, भरपूर रागवा. मीसुद्धा सोडणार नाहीये तिला… फक्त एक ऐकाल? नवीन इंजेक्शनं तिच्याच हातून भरून घ्या, तुमच्यासमोर. आज नाही भरली, तर पुन्हा सिरिंजला हात लावणार नाही ती…

हो, आहे मी…

ऐकू येतंय. बाटलीवरचं नाव वाचतेय ती… आवाज थरथरतोय, पण अडखळत नाहीये. ठेवते मी, सिस्टर.