राक्षसाचा खांदा

पोळ्याच्या आदल्या दिवशी आर्वीच्या बसस्टँडवर तळेगावच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारी एक आजोबा आणि त्यांची नात. नातीच्या मांडीवर शिंगांचा प्लास्टिकचा राक्षस.

“व्हिडिओ गेममधलाच हाये, आबाजी. मामानं नागपूरवरून आणला.”

“कसा वाटते मंग?”

“शोकेसात मस्त दिसन. शेपटीवर टेकून उभा राह्यते. पण खेळाले बेकार हाये. खांदा कडक हाये, हात वरच होत नाई.”

“गेममधी काय करते हा?”

“दरवाज्यापाशी उभा राह्यते. तिथं नेहमी रातच असते. याले मारल्याबिगर पुढं जाता येत नाई.”

“मंग मरते?”

“मरते ना. पुन्हा गेम लावला का पुन्हा उभाच.”

“रोज?”

“रोज.”

“सुट्टी नाई त्याले?”

“राक्षसाले कायची सुट्टी, आबाजी?”

“आण इकडं. अन् पिशवीतलं लोणी काढ.”

“ते तं आज बैलाईचे खांदे चोळाले हाये!”

“बोटभरच घेतो.”

गाडी आली नव्हती. आजोबा राक्षसाच्या खांद्याला लोणी चोळत बसले.

“आबाजी, हात हलला!”

“हलनच. आता त्याच्या कानात सांग.”

“काय सांगू?”

“बैलाईले सांगतो तेच.”

“आज आवतन घे, उद्या जेवाले येजो.”