उभ्या गाडीचं तेल

सासरे : "बाबा, घट्ट धरून बसा, ही काही तुम्हाला पाडायची नाही." नवी गाडी दारात आणली त्या दिवशी माझा मुलगा असं म्हणाला होता. मिशीसुद्धा धड फुटली नव्हती तेव्हा. इतकी वर्षं झाली, पण या गाडीजवळ उभं राहिलं की अजून तोच आवाज कानात येतो. म्हणून सांगतो मिस्त्री, उगाच घोळ घालू नकोस. हिचा धूर बंद कर, गिऱ्हाइकाच्या हवाली कर आणि मला मोकळं कर.

मिस्त्री : काका, धूर मारायला इंजिन जागेवर आहे कुठं? सकाळीच खोललंय. हे सिलिंडर इथं टेबलावर, पिस्टन तिथं उघडा पडलाय. या वहिनी, आत या. त्या स्टुलावर नको, ग्रीस आहे. इथं बसा.

सून : मी उभीच बरी. बाबा, इंजिन खोलायला सांगितलंत तुम्ही? मला बोलला नाहीत.

सासरे : गिऱ्हाईक काय म्हणालं ते ऐकलंस ना? गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि नाक दाबून परत आला. म्हणे, काका, ही गाडी आहे का डास मारायचं मशीन? निळाच्या निळा धूर. तेल पितेय म्हणे, आधी बरी करा, मग बोलू.

सून : नको घेऊ दे मग त्याला. मी कुठं म्हणाले विका?

सासरे : तू काहीच म्हणत नाहीस. तीच तर पंचाईत आहे.

मिस्त्री : तुमचं घरचं घरी बोला. आधी माझ्या अब्रूचं बघू. हे इंजिन मी बांधलंय, काका. तुमचा मुलगा इथं, याच फरशीवर बसून होता दिवसभर. नवा पिस्टन, नव्या रिंगा, सगळं त्याच्या देखत. घरी नेली आणि त्याच आठवड्यात त्यानं अंथरूण धरलं ते धरलंच. आणि आता तुम्ही सांगता, गाडी तेल पितेय. मला झोंबलं. म्हटलं, मित्राच्या शेवटच्या कामातच हात चुकला की काय माझा.

सासरे : तुझा हात चुकला असं मी म्हणालो नाही.

मिस्त्री : तुम्ही नाही म्हणालात, मी रात्रभर म्हणत होतो. म्हणून एकेक वाट तपासली. तेल बाहेर गळत असतं तर तुम्हाला गाडीखाली पुठ्ठा ठेवायला सांगितला होता, तो भिजला असता. तो कोरडा. मग वरून, व्हॉल्व्हच्या सीलमधून येत असेल म्हटलं. तसं असलं की पहिल्या किकला भसकन धूर येतो आणि मग थांबतो. हिचा थांबत नाही. रेस करावी तसा वाढतोच. मग प्लग काढला, तो तेलानं ओला. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडलं आणि किक मारून बघितली. मघाशी पोकळ जाणारी किक एकदम घट्ट लागली. म्हणजे दुखणं रिंगांत. पण रिंगा तर नव्या. मग उघडलंच. वहिनी, या सिलिंडरमध्ये आतून बोट फिरवा बरं.

सून : गुळगुळीत आहे. काचेसारखं.

मिस्त्री : तीच काच नडली. नव्या कामात सिलिंडर आतून मुद्दाम खरखरीत ठेवतात, बारीक रेघा मारून. त्या रेघांवर घासून घासून रिंगा आपली जागा धरतात, मग तेल वर येऊन जळत नाही. पण जागा धरायला गाडी रस्त्यावर लागते. चढ लागतो, मागं बसणारं माणूस लागतं. ओझं पडल्याशिवाय रिंगा भिंतीला टेकत नाहीत. आणि नुसतीच उभी करून हळू आवाजात चालू ठेवली, रोजच्या रोज, की त्या रेघांवर तेल भाजतं आणि अशी काच होते. मग तेल सुटतं ते सुटतंच.

सासरे : बरं, कळलं. आता उपाय सांग.

मिस्त्री : थांबा, काका. मीटर बघितला मी. गाडी तुमच्या घरी गेली त्या दिवशी होता जवळजवळ तिथंच आहे. गिऱ्हाइकानं गल्लीत फिरवली तेवढाच काय तो पुढं. म्हणजे गाडी कुठं गेली नाही, पण इंजिन मात्र ढीगभर चाललंय. वहिनी, कोण चालू करतं?

सून : मी करते. बॅटरी उतरू नये म्हणून. दवाखान्यात असताना हेच सांगायचे, गाडी अधूनमधून चालू करत जा.

मिस्त्री : बॅटरीला चहा गाळून होईपर्यंत चालू ठेवली तरी पुष्कळ.

सून : होत असेल मग जरा जास्त.

सासरे : गाडीबद्दल विचार मिस्त्री. घरच्या बाईची झडती घेऊ नकोस.

मिस्त्री : गाडीबद्दलच विचारतोय. अजून एक गोष्ट गळी उतरत नाही. इतकं तेल जळलंय तर इंजिन कोरडं पडून जाम व्हायला हवं होतं. तेल मोजायची काडी काढून बघतो तर तेल बरोबर खुणेवर. तेल कोण घालतं वहिनी, तुम्ही?

सून : तेल? ते कुठून घालतात तेही मला माहीत नाही.

मिस्त्री : मग काय उंदीर घालून जातात?

सासरे : मी घालतो.

सून : तुम्ही?

सासरे : सकाळी तू आंघोळीला गेलीस की. बाटली चपलांच्या खणामागं असते. संपली की दुसरी आणतो.

सून : तुम्हाला माहीत होतं, मी रोज गाडी चालू करून बसते ते?

सासरे : पोरी, माझे गुडघे गेलेत, कान नाही गेले.

मिस्त्री : वहिनी, ती गाडीची खोली मी पाहिलीय. माळ्याखालची, एवढीशी. दार उघडं ठेवता ना गाडी चालू असताना?

सून : लावून घेते.

मिस्त्री : अहो, काय सांगता? बंद खोलीत तो धूर फार वाईट. माणसाला नुसती गुंगी येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?

सून : आधी माहीत नव्हतं. नंतर कळलं. तरी लावायचेच.

मिस्त्री : वहिनी...

सून : घाबरू नका. खिडकीची काच फुटलीय तिथली, वारा येतो भरपूर. मागं वावटळ झाली ना, तेव्हा फुटली.

सासरे : फुटली नाही. मी काढली.

सून : काय म्हणता?

सासरे : चाकूनं काचेच्या कडेचं पुटीन खरवडून काढली आणि अख्खी काच माळ्यावर ठेवलीय. तुला म्हटलं, वाऱ्यानं फुटली. दार ठोठावायचा धीर नव्हता मला. काय बोलणार होतो आत येऊन? मग वाटलं, निदान वारा तरी आत जाईल.

सून : आणि म्हणून गाडी विकायला काढलीत. मला वाटलं, त्यांची म्हणून जी जी वस्तू आहे ती तुम्हाला डोळ्यांसमोर नको झालीय. कपडे दिलेत, घड्याळ दिलंत, आता गाडी. मग माझी पाळी. माहेरचे बोलावतातच आहेत. म्हटलं, बाबा आता मलाही सांगतील, जा.

सासरे : कपडे वापरात गेले तर बरं म्हणून दिले. तुला कशाला सांगेन जा म्हणून? मी रोज संध्याकाळी पलंगावर बसून ऐकायचो. इंजिन चालू झालं की जीव टांगणीला. बंद झालं की कडीच्या आवाजाची वाट बघायची. कडी वाजली, तुझी पावलं आली, की मग पाठ टेकायची. एक दिवस इंजिन चालूच राहील आणि कडी वाजणार नाही, ही भीती कुणापुढं बोलू? म्हणून विकायला काढली.

सून : तसं काही करायला नाही जायचे मी, बाबा.

सासरे : मग दार का लावायचीस?

सून : रडायला जागा लागते. आपलं घर लहान, भिंती पातळ. न्हाणीघरात रडावं तर तुम्ही बाहेरून विचारता, पाणी गार आहे का गं. उशीत रडावं तर सकाळी तुमची नजर उशीवर. माझे डोळे सुजलेले दिसले की तुम्ही अर्ध्या ताटावरून उठता. मग मी कशी रडू तुमच्यासमोर? तुमचा मुलगा गेला, मी कुठल्या तोंडानं आधी रडू? गाडी चालू केली की आवाजच आवाज. त्यात माझा कुठं मिसळला, कुणाला कळत नाही. मोठ्यानं हाक मारता यायची त्यांना. नावानं.

मिस्त्री : मीच यायला हवं होतं. येऊन चार दिवस चढावर फिरवून आणायला हवी होती. तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो दोनदा, परत फिरलो. काका, उपाय अवघड नाही. सिलिंडरला आतून परत रेघा मारून आणतो, नव्या रिंगा टाकतो. पण त्यानंतर तिला उभी करून चालू ठेवायची नाही. रस्त्यावर काढावी लागेल. विकायची का ठेवायची ते तुम्ही दोघं ठरवा. मी हात धुऊन येतो.

(मिस्त्री बाहेरच्या नळाकडे जातो. नळ बराच वेळ चालू राहतो.)

सून : विकू नका, बाबा.

सासरे : नाही विकत. गिऱ्हाइकाला सांगतो, धूर गेला नाही म्हणून.

सून : दुरुस्त होईपर्यंत इथंच राहील ती. आज संध्याकाळी घरी काहीच वाजणार नाही.

सासरे : नको वाजू दे.

सून : माझा आवाज येईल तुम्हाला.

सासरे : येऊ दे. माझाही येईल तुला. तू गाडी चालू करायचीस ना, तेव्हा मीही रडून घ्यायचो.