तातडीचा क्लेम

...आणि वर म्हणतात काय, तर पोट मोकळं ठेवून पळा! अहो, ते माझ्या हातात असतं तर मी तुम्हाला ही रडकथा कशाला ऐकवली असती? घरातून सगळं आवरून निघतो. एकदा जातो, खात्री म्हणून पुन्हा जातो, बायको बाहेरून विचारते, "आज पळायला निघालाय की तिथेच मुक्काम?" आणि पोट तेव्हा कसं, अगदी गरीब गाय, हूं नाही की चूं नाही. पण बूट चढवले, कोपरा ओलांडला, घर दिसेनासं झालं रे झालं, की आत गुडगुड... आता मला सांगा, घर दिसेनासं झाल्यावरच का? दारात असताना का नाही? योगायोग? मी नाही मानत.

मी कुठलाच योगायोग मानत नाही. माझं पोटच त्यावर चालतं, म्हणजे नोकरी हो. विमा कंपनीत क्लेम तपासतो. तुमचं दुकान जळलं, गाडी चोरीला गेली, की कंपनी मला धाडते आणि मी तुमच्या दारात उभा राहून दोन प्रश्न विचारतो. त्या वेळी तुम्ही कुठे होता, आणि साक्षीदार कोण? बस्स. समोरचा रडतो, घाम पुसतो, लेकराबाळांच्या शपथा घेतो, मी आपला बघत राहतो. कारण जितकं करुण तितकं खोटं, हे मी या धंद्यात शिकलो. ऑफिसात माझ्यामागे मला 'कशावरून' म्हणतात, आणि ते मला माहीत नाही असं त्यांना वाटतं. संशयी आहे मी, कबूल. पण हा माणूस खोटं बोलला, असं आजवर कुणाची म्हणायची टाप नव्हती. बायकोसुद्धा म्हणाली नव्हती. आता बायकोसुद्धा, म्हणजे बघा तुम्ही.

तर हे पळण्याचं खूळ घरात आणलं मेव्हण्याने. बायकोचा धाकटा भाऊ, माझ्याच ऑफिसात, पलीकडच्या टेबलावर. तो पळतो. पळेना का, माझी हरकत नाही, पण या पळणाऱ्या लोकांना दुसरं कुणी बसलेलं बघवत नाही. भाऊजी, पोट सुटलंय, भाऊजी, साखर वाढलीय, भाऊजी चला. चला तर चला. पण पहिल्या दिवसापासून हा मला निघायच्या आधी कॉफी पाजणार. स्वतःच्या हाताने करून. आणि स्वतः घोटभरसुद्धा घेणार नाही हं! "मला सोसत नाही भाऊजी, तुम्ही घ्या, तरतरी येते." तरतरी! ती तरतरी नेमकी कुठे येते ते मलाच ठाऊक. मला संशय येणार नाही तर काय होईल? एकदा त्याची नजर चुकवून सगळी कॉफी त्याच्याच खिडकीतल्या कुंडीत ओतली. तरी त्या दिवशी कळ आलीच. झाड मात्र तरतरीत.

मग मी केळ्यावर संशय घेतला. केळं सोडलं, कळ आली. पाणी सोडलं, कळ आली आणि वर चक्कर. डॉक्टरकडे गेलो, तर तो हसतच म्हणाला, पळताना आतडी हलतात, पुष्कळांना होतं असं. पुष्कळांना? मग हे पुष्कळ लोक जातात कुठे? मी मेव्हण्याच्या पळणाऱ्या ग्रुपातल्या एकेकाचा चेहरा निरखून बघितला, सगळे हसतमुख! आता पळताना एवढं हसतमुख कोण राहतं हो? ज्याला काही लपवायचंय तोच ना?

लोक पळायला मोकळी हवा शोधतात. मी कडी लागणारं दार शोधतो. पेट्रोल पंप आहे एक, तिथे किल्ली असते पंपवाल्याच्या खिशात. गेलो. तो म्हणाला, पेट्रोल किती टाकू? म्हटलं, अहो, मी पायी आहे. मग पायीच पुढे जा म्हणाला. बँकेचा वॉचमन विचारतो, खातं आहे का? आता माझ्या कपाळावर घाम, पायाला पाय लावलेला, मी काय त्या वेळी पैसे भरायला आलो होतो? पण त्याची नजर बघा, मी काहीतरी लुटायला आल्यासारखी. आणि तुम्हाला सांगतो, कळ आली की पळायचं नाही, थांबायचं तर मुळीच नाही. एक मधली चाल असते. गुडघे जवळ, खांदे सैल, आणि चेहरा प्रसन्न. चेहरा पडला की सगळंच सुटतं.

अशात शर्यत आली. मेव्हण्याने अख्ख्या ऑफिसची नावं दिली, त्यात माझंही. साहेब टाळ्या वाजवायला, बायको पाण्याची बाटली घेऊन शेवटच्या रेषेशी. रस्ता साधा होता. मैदानातून निघून मोठ्या रस्त्याने थेट पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं, टाकीला वळसा घालायचा, तिथे पंच तुमच्या मनगटात हिरवी रबरी पट्टी चढवणार, वळसा घेतल्याची खूण म्हणून, आणि मग मागच्या रस्त्याने परत मैदानात यायचं. निघायच्या आधी मेव्हणा हजर. थर्मास घेऊन! शर्यतीत कुणी थर्मास आणतं का हो? योगायोग? मी नाही मानत. पण साहेब समोर, नाही कसं म्हणणार... प्यालो.

मोठ्या रस्त्यावर सकाळी सगळी दुकानं बंद, आणि मला कळ. साधी नाही, तातडीची. शटर, शटर, शटर, आणि एकच दार उघडं, प्रसूतिगृहाचं. घुसलो. छातीवर नंबर, डोळ्यांत पाणी. नर्स धावत आली, म्हणाली, कुठली खोली? म्हटलं, कुठलीही चालेल, फक्त कडी पाहिजे. तिने माझा हात धरला, घाबरू नका म्हणाली, पहिलीच वेळ का? म्हटलं, छे हो, रोजचंच आहे! ती जी माझ्याकडे बघत राहिली... पण मला तेव्हा खुलासा करायला सवड नव्हती, व्हरांड्याच्या टोकाला दार दिसलं, आत शिरलो, कडी लावली. तुम्हाला सांगतो, त्या इमारतीत त्या दिवशी माझ्याइतकी सुटका कुणाचीच झाली नसेल.

आणि नेमकी तेव्हाच दारावर थाप. थाप कसली, बडवणं. बाहेरून घोगरा आवाज, "अहो, लवकर आटपा, मला फार तातडी आहे!" आता इथे येणाऱ्या प्रत्येकाला तातडीच असते. मी आतून विचारलं, "कशावरून?" सवय हो! मग आवाज रडवेला झाला, अहो, अंत बघू नका, देवाची शपथ आहे म्हणाला. शपथ आली की मी जास्तच सावध होतो. शांतपणे आवरलं, हात धुतले, कडी काढली. तर एक निळी टोपी मला ढकलून आत! चेहरा दिसला नाही, पण हातात हिरव्या रबरी पट्ट्यांचा गठ्ठा होता. मला वाटलं, या माणसाला इथे पट्ट्या कशाला लागतात? पण म्हटलं, ज्याची त्याची सोय.

समोरच्या दाराकडे निघालो, तर तिथे बाई फरशी पुसत होती. इकडून नाही, ओलं आहे, मागून जा म्हणाली. गेलो मागून. मागच्या फाटकात एक मोटारसायकल आडवी पडलेली, स्टँडला लावायचीही फुरसत मिळाली नसावी, हे मी टिपून ठेवलं. रस्त्यावर आलो, पळणारी माणसं दिसली, मिसळलो त्यांच्यात. मला वाटलं, मोठाच रस्ता हा. पोट हलकं, डोकं जाग्यावर नाही, दिशा कुठून कळणार? फक्त ही माणसं फार बारीक होती. हडकुळी, सपासप पळणारी. मघाशी आपल्याबरोबर अशी कुणी नव्हती! मला लगेच संशय आला, ही मंडळी नक्की मधूनच कुठूनतरी घुसलेली आहेत...

आणि समोर मैदान! टाळ्या, साहेब उभे, बायकोच्या डोळ्यांत कौतुक, माझ्या वयाच्या लोकांत तिसरा आलो म्हणून कुणीतरी गळ्यात पदक घातलं. सगळं लक्षात आलं तोवर पदक छातीवर लोंबत होतं. मेव्हणा आला, पुष्कळ उशिराने, धापा टाकत. माझं पदक बघितलं, मग माझं रिकामं मनगट. त्याचंही मनगट रिकामंच होतं, कारण म्हणे टाकीपाशी पट्टी द्यायला कुणी नव्हतंच. मुख्य पंचांना बोलावलं. आले. निळी टोपी! घोगऱ्या आवाजात म्हणाले, मी तिथेच होतो, पट्ट्या संपल्या होत्या. संपल्या? अर्धा गठ्ठा तर खिशातून डोकावत होता!

मी पदक काढून टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की मी टाकीपर्यंत गेलोच नाही, मी प्रसूतिगृहात होतो, का होतो तेही सांगितलं, आणि मागून चुकून इकडे निघालो, फसवायचं मनात नव्हतं. आधी सगळे हसले. मग हसू थांबलं आणि ती नजर आली. मी ओळखतो ती नजर, मीच वापरतो. साहेब म्हणाले, "कशावरून?" आणि मेव्हणा, माझ्याच टेबलाशेजारी बसून शिकलेला, म्हणाला, "भाऊजी, साक्षीदार कोण?"

साक्षीदार समोर उभा होता हो! टोपी, पट्ट्या, आवाज, मोटारसायकल, सगळा पुरावा माझ्या खिशात. एक प्रश्न विचारायचा अवकाश, त्या वेळी तुम्ही कुठे होता? मी तोंड उघडलं. पंचांकडे बघितलं. गुडघे जवळ... खांदे सैल... वरच्या ओठावर घाम, आणि चेहरा प्रसन्न. तो चेहरा मी रोज सकाळी बंद दुकानांच्या काचांत बघतो. मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. धंद्यात पहिल्यांदाच वाटलं असेल. म्हटलं, साक्षीदार नाही.

लोक पांगले. मी मैदानाच्या कोपऱ्यातल्या तात्पुरत्या संडासाकडे गेलो, थर्मास अजून संपला नव्हता ना आतून! तर पंच तिथे आधीच उभे. मला बघून बाजूला झाले, डोळे भरलेले, हळूच म्हणाले, "तुम्ही आधी जा." आता एवढा मोठा मान! पण माझ्या तोंडून काय निघालं? "का बरं?" त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच आत गेले. बराच वेळ.

घरी आलो, बायकोने दार लावलं आणि म्हणाली, आता खरं सांगा. तुम्हाला सांगतो, कुणालाच सांगितलं नव्हतं ते सगळं तिला सांगितलं, नर्स, कडी, निळी टोपी, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे दाराबाहेर नेमका तोच पंच, निवाडा करायला नेमका तोच, आणि आयुष्यात कधी गप्प न बसणारे तुम्ही नेमके तेव्हाच गप्प?"

"हो गं."

"योगायोग? मी नाही मानत."

तिचं तरी काय चुकलं... असा क्लेम माझ्या टेबलावर आला असता ना, तर मीसुद्धा नामंजूरच केला असता.